प्रवेशाची अट

"तिसरी अट वाचा," प्राचार्य म्हणाले.

मुखरू भोयरने कागद वर धरला. "वाणिज्य शाखेत प्रवेश घेणाऱ्याने मॅट्रिकला गणित हा विषय घेतलेला असावा." मग तो म्हणाला, "ही काढावी, असं माझं म्हणणं आहे. जंगलाकडच्या शाळांत गणिताचा मास्तर टिकत नाही. तिकडच्यांनी काय करावं?"

टेबलापलीकडे कॉलेजातले जुने प्राध्यापक भैयाजी बसले होते.

१९५७ सालची गोष्ट. विद्यापीठाने वाणिज्याच्या विषयांची वर्णनं आणि प्रवेशाच्या अटी नव्याने लिहायला घेतल्या होत्या. चांद्याच्या या लहानशा कॉलेजकडूनही मसुदा मागवला होता. अकरा वर्षं शिकवणाऱ्या भैयाजींना वाटलं होतं, काम आपल्याकडेच येणार. प्राचार्यांनी ते मुखरूला दिलं. मुखरूला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मुखरू पोंभुर्ण्याचा पहिला पदवीधर. निकाल लागला तेव्हा गावाने त्याला बैलगाडीत बसवून मिरवलं होतं. अजूनही तो आठवडी बाजारात दिसला की म्हातारेकोतारे उठून उभे राहत. भैयाजी पदवीधर झाले तेव्हा शेजाऱ्यानेही विचारलं नव्हतं.

'वनोपजाचा व्यापार' या नव्या विषयाचं मुखरूने लिहिलेलं वर्णन प्राचार्यांनी सगळ्यांसमोर दोनदा वाचून दाखवलं, त्या दिवशी भैयाजी ताटावरून अर्धपोटी उठले.

"काऊन जी, पोट दुखते का?" त्यांच्या पत्नी गुणाबाईंनी विचारलं.

"दुखून राह्यलं," ते म्हणाले. ते खरंच होतं.

म्हणून आता ते म्हणाले, "अट राहू द्या. गणिताशिवाय वाणिज्य म्हणजे मिठाशिवाय वरण."

प्राचार्यांनी उसासा टाकला. "विद्यापीठाला एकमत पाहिजे. आपल्या तिघांपैकी एकाचाही विरोध असला तर जुनी अट राहील. सोमवारी चिठ्ठ्या टाकू. नाव लिहू नका, म्हणजे कोणाला कोणाची भीड नको."

गुरुवारी भैयाजींच्या अंगणात एक माणूस सायकल टेकवून उभा राहिला. चोविसेक वर्षांचा, धुळीने माखलेला. डोमा मडावी त्याचं नाव. पोंभुर्ण्याला वनोपजाच्या गोदामात तोलायचं काम करत तो बाहेरून मॅट्रिक पास झाला होता. गणित सोडून.

"मुखरू सरनं सांगतलं, भैयाजी सरले भेट," तो म्हणाला. "त्यायचंच मत आडवं येते म्हनून."

भैयाजींचं डोकं तापलं. त्यांनी वनोपजाच्या वर्णनाचा कागद काढून त्याच्यापुढे टाकला. "वाच. तुले याच्यातलं काय समजते ते सांग."

डोमाने उभ्यानेच सगळा कागद वाचला. एकदा मागे जाऊन पुन्हा वाचला.

"बोलू का, सर?"

"बोल."

"मोहाचं फूल ओलं तोलून घेतलं, तं गोदामात सुकते. वजन घटते. ते घट कोनाच्या माथी, वेचनाऱ्याच्या का व्यापाऱ्याच्या, हे इथी कुठीच नाई. सारा भांडनाचा धंदा तं त्याच्यातच हाये."

भैयाजींनी कागद हातात घेतला. खरंच नव्हतं. प्राचार्यांनी दोनदा वाचला, तरी त्यांनाही दिसलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला. हा माणूस वर्गात आला की मुखरूचं कौतुक कोण करणार, हा विचार त्यांना गोड लागला. विचार चांगला नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण शुक्रवारी, शनिवारी त्यांना मुखरूपेक्षा डोमाच जास्त आठवत राहिला. कागद वाचताना त्याने बोट ओळीखाली धरलं होतं, पण अक्षरांना लागू दिलं नव्हतं. हाताची धूळ लागू नये म्हणून.

शनिवारी कॉलेजात ते मुखरूला म्हणाले, "तुमचा डोमा येऊन गेला. तुमच्या वर्णनात चूक काढली त्यानं."

"कोणती?" मुखरूने हसून विचारलं. ऐकून घेतलं आणि लगेच कागदावर दुरुस्ती केली. "लहानपणापासून असाच हाये तो, सर. माझ्याहून हुशार."

त्याचं मोठं मन पाहून भैयाजींना स्वतःची लाज वाटली.

सोमवारी डोमा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. आत भैयाजींनी चिठ्ठीवर लिहिलं, 'अट काढावी.' दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मुखरूकडे सरळ बघता आलं.

प्राचार्यांनी तिन्ही चिठ्ठ्या उघडल्या.

"दोन 'काढावी'. एक 'राहू द्यावी'." त्यांनी चष्मा काढला. "अट राहील. भैयाजी, निदान या खेपेला तरी मन मोठं करायचं होतं."

"पण मी..."

मुखरू तोवर उठून बाहेर गेला होता. डोमाच्या खांद्यावर त्याचा हात होता. "लय जोर लावला गा मी. पन त्यायनं आयकलं नाई."

डोमाने दारातून भैयाजींकडे पाहिलं. दोन्ही हात जोडले आणि सायकलकडे गेला.

भैयाजी धावतच व्हरांड्यात आले. "मुखरू, मी 'काढावी' लिहिलं होतं. प्राचार्य म्हणतात, त्यांनीही तेच लिहिलं."

मुखरू रस्त्याकडे पाहत होता. सायकल वळणाआड गेली, तेव्हा तो हळूच बोलला.

"सर, तुमच्या चांद्यात पदवीधर ढिगानं हायेत. पोंभुर्ण्यात मी एकटाच आहो."