पाठराखीण

नव्या नवरीसोबत सासरी पाठराखीण येते. प्रतिक्षानं सासरी, नरसी गावी, येताना बर्फी आणली, लांब कानांची स्पॅनियल कुत्री.

सासूनं, द्वारकाबाईंनी, उंबऱ्यावरच विचारलं, "राखण करती का?"

"न्हाई मामी. चोराला बी चाटती. हिच्या जातीचं काम झुडपातली पाखरं उठवायचं."

"ज्वारी तर निघाली आता, पाखरं उठवायची कुठून?"

"रोज केस विंचरावे लागतात, कान पुसावे लागतात. अन् एकटी ठेवली की रडती."

"म्हंजे बिनकामाची. तुझे वडील न्यायला आले की संगं धाडून द्यायची."

पाचव्या दिवशी वडील, तातेराव, हिंगोलीहून लेकीला न्यायला आले. ओसरीवर द्वारकाबाई फणी घेऊन बसल्या होत्या. अंगणात वाळत घातलेल्या हळदीत लोळून पिवळी झालेली बर्फी त्यांच्या मांडीवर पसरली होती. प्रतिक्षानं पिशवी उचलली आणि तिला हाक मारली. बर्फीनं एक डोळा उघडला, पुन्हा मिटला.

द्वारकाबाईंनी दुसरा कान विंचरायला घेतला.

"लेक तुमची हाय, खुशाल न्या," त्या तातेरावांना म्हणाल्या. "आमच्या घरातलं कुणी संगं येणार न्हाई."