यादीतली शेवटची ओळ

"बाबा, आता पाहाजा! दादा वहिनीकडे पाह्यते अन् मंग जिंकते. समद्या पिक्चरमध्ये असंच राह्यते," पूनम बापाच्या कानाशी लागली.

कबड्डीचा सामना, गुण एकतीस-एकतीस. शेवटची चढाई. उंद्रीचा गोविंदा, पूनमचा दादा, देऊळगाव राजा संघाच्या अंगणात शिरला होता. रेषेजवळ तोंडात शिट्टी धरून पंच उभी होती. सुचिता, त्याची होणारी बायको.

पूनमचे बाबा महादेवराव मैदानाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या फक्कीच्या रेषेला अगदी खेटून खुर्ची टाकून बसले होते. माणूस दिसला की त्याचा नफा-तोटा मनात मांडून मोकळं व्हायचं, हा त्यांचा स्वभाव. होणाऱ्या सुनेचा मांडून झाला होता. नफा: शिकलेली, धीट, कामाला वाघीण. तोटा: शिट्टी. सदऱ्याच्या खिशात लग्नाची यादी होती. मांडव कुणाचा, आहेर कुणाचा, जेवणावळ कुणाची, सगळं ठरलेलं. सह्या तेवढ्या सामना झाल्यावर व्हायच्या होत्या. शेवटची ओळ त्यांनी आज सकाळी आपल्या हाताने वाढवली होती: 'लग्नानंतर मुलीने पंचगिरी बंद करावी.'

आजच्यापुरती मात्र ती शिट्टी त्यांनी नफ्यात धरली होती. नात्यातली पंच नको म्हणून सुचिता स्वतःच बाजूला होत होती. देऊळगावच्या कप्तानानेच हात जोडले, "ताई, तुम्हीच राहा." महादेवरावांना तेव्हा हसू आलं होतं. इतके भोळे लोक कप जिंकतात कधी?

गोविंदाने वळून सुचिताकडे पाहिलं. कबड्डीवाल्याची नजर समोरच्याच्या पायांवर पाहिजे. याची हिरोसारखी भलतीकडेच गेली, आणि त्याच पावलाला टाच बाजूच्या रेषेबाहेर पडली. मग झेप, गड्याला हात, उलटी उडी आणि मध्यरेषा! उंद्रीने आरोळी ठोकली. पूनम खुर्चीवर चढली. "आता वहिनी धावत येते पाहा!"

सुचिता आलीच धावत. शिट्टी फुंकत.

"चढाईवाला बाद. हात लावायच्या आधी पाय बाहेर. गुण देऊळगावचा."

मैदान पेटलं. "काऊन वं, घरच्याच मानसाले बाद देते का?" पोरं दोरी ओलांडून आत घुसली. महादेवराव उठले तशी गर्दीने वाट दिली. गावात त्यांचा शब्द पडला की वाद मिटत असे.

"सुचिता, अजून एक खेप इचार कर. घरचा कप हाये."

तिने शिट्टी तोंडातून काढली. आवाज चढवला नाही. "मामाजी, तुम्ही तं कोपऱ्यातच बसले होते. पाय तुम्हाले दिसला नाही का?"

फक्की ओलांडून बाहेर पडलेला टाचेचा ठसा ताजा होता. महादेवरावांनी तो पाहिला, मग लेकाची पांढरी झालेली टाच पाहिली. एका बाजूला कप, दुसऱ्या बाजूला ही पोरगी. मांडणीला त्यांना आज कधी नव्हे तो वेळ लागला.

"दिसला," ते म्हणाले. आणि मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, "बाद हाये! म्या सोता पाह्यला!"

गोविंदा मान खाली घालून हसला. देऊळगावचा कप्तान पुढे आला. "काका, ह्याच्यासाठीच तर आम्ही ताई मागितली होती."

महादेवरावांची छाती दोन बोटं वर आली. "मांगतली तुम्ही, खरं हाये. पन सून आमची हाये!"

पूनमचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, पिक्चरच बिघडला."

"थांब वं, संपला कुठं?" त्यांनी खिशातली यादी काढून सुचितापुढे धरली. "घे, पाहाय. याच्यात कुठं फाऊल असन तं सांग."

सुचिताने यादी वरून खाली सावकाश वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि जोरात शिट्टी वाजवली.