तिसरं भोक

इंजिनातून काढलेल्या पहिल्या दोन प्लगांची टोकं कोरडी, विटकरी होती. तिसऱ्याचं मात्र ओलं निघालं. चिलुफ्यानं ते हुंगून पाहिलं. पेट्रोलचा वास नव्हता, ऑइलचाही नव्हता. इंजिनातल्या त्या प्लगच्या भोकातून ऊबदार वाफ संथपणे आत-बाहेर करत होती.

भर दुपारी अंगणात ती आणि तिची बहीण कुंदा, दोघीच होत्या. घरात खाटेवरून मुसोंडा खेकसत होता. चार वर्षं अंथरुणाला खिळलेला चिलुफ्याचा नवरा, पण जीभ शाबूत.

"वांझोटे, न्शिमा कधी वाढणार? गाडी दुरुस्त करतेय म्हणे! आधी आपलं—"

धूळ जाऊ नये म्हणून चिलुफ्यानं भोकावर अंगठा ठेवला. घरातला आवाज तुटला.

तिनं अंगठा उचलला.

"—थोबाड दुरुस्त कर!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चिलुफ्यानं पुन्हा अंगठा दाबला आणि वीसपर्यंत मोजलं. अंगठ्याखाली काहीतरी दुबळेपणानं धडका देत राहिलं. हात काढताच घरातून धाप ऐकू आली.

"चिलू… पाणी दे गं."

इतक्या मऊ आवाजात त्यानं तिला कधीच हाक मारली नव्हती.

"सोड त्याला," असं धाकटी कुंदा चार वर्षं सांगत होती आणि चिलुफ्या "बघू" म्हणत होती. आता कुंदाच्या हातात नवा प्लग होता.

"ताई, बसवू?"

"बसव," चिलुफ्या म्हणाली. "पान्यानं घट्ट आवळ."