घरातलं शिक्षण

"कुनी इच्यारलं तर सांग, बाप व्यापारी हाय. भंगाराचं नाव काढू नको, पोरी," कॉलेजच्या दारातच गहिनीनाथनं लेकीला बजावलं आणि तो विज्ञान प्रदर्शनाच्या गर्दीत सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला.

परीक्षकांसमोर संस्कृतीनं कापडाच्या रंगानं लालभडक झालेलं सांडपाणी काचेच्या भांड्यात ओतलं, चिमूटभर काळी पूड टाकली आणि ढवळत राहिली. हळूहळू सगळी लाली विरून गेली. मग तिनं भांड्याला बाहेरून चुंबक लावला, तशी पूड सरसर एका कडेला गोळा झाली. उरलं ते देव्हाऱ्यातल्या तांब्यातल्यासारखं नितळ पाणी.

"वा! पूड परत वापरायलाही मोकळी!" परीक्षक खूश झाले. "घरात आणखी कुणी या विषयातलं आहे का?"

गहिनीनाथनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"वडील आहेत, सर. दोरीला चुंबक बांधून नाल्यातलं लोखंड काढतात. भंगाराचा धंदा आहे आमचा." तिनं मागं हात केला. "ते काय, तिकडं उभे आहेत. मी त्यांच्याच हाताखाली शिकले."