सव्वा मूठ गहू

सुपातले गहू निवडून होत आले आणि गावाहून थोरल्या दिरांचा फोन आला. सरलाने तो स्पीकरवर टाकला, पण हात थांबवले नाहीत.

"सुरतेत कानबाई बसवतेस म्हणे. अगं, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, मग देवीचे रोट करायचे. तुझ्या घरात पुरुष उरलाय का एक तरी? देवी गावातच बसते. परमुलखात तिचं काय काम?"

नवरा गेला त्या श्रावणात याच दादांनी कानबाईच्या पंगतीत तिला पाटसुद्धा मांडला नव्हता. तेव्हाच ती दोन्ही मुलींना घेऊन इथे आली, आणि साड्यांना खडे चिकटवत तिने या भाड्याच्या खोलीत संसार उभा केला.

"दादा, तापी आपल्या गावावरूनच इथे येते," ती शांतपणे म्हणाली. "तिला कुणी परमुलूख म्हणून अडवलं नाही."

"नदीचं वेगळं, बाईमाणसाचं वेगळं."

"असेल," म्हणत तिने फोन ठेवला आणि मुलींना हाक मारली. थोरली पातेलं घेऊन समोर बसली. सरलाने डोक्यावर पदर घेतला, मूठ भरली, वर पाव मूठ घातली.

"भारतीच्या नावाने."

दुसरी घातली. "नयनाच्या नावाने."

मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. गावी या गव्हात त्यांची नावं कधी पडलीच नव्हती.

"झालं, आई?" धाकटीने विचारलं.

सरलाने तिसरी मूठ इतकी गच्च भरली, की दाणे बोटांतून सांडले.

"सरलाच्या नावाने," ती म्हणाली.