नाक उताराकडे

"वहिनी, गाडीला भूत लागत नाही. हवा लागते." बॉनेटखालून डोकं बाहेर काढत मिलुटिन मेकॅनिक म्हणाला. "रात्रभर ही गाडी नाक वर करून उभी होती."

स्टानोयकानं कमरेवर हात ठेवले. "आपल्या गावात कुणी गाडी नाक वर करून लावलेली पाहिलीत का कधी, भावजी?"

पाहिली नव्हती. गाव सगळं चढावर. बॅटरीनं दगा दिला तर गाडी उतारावर सोडून देऊन चालू करता यावी म्हणून झाडून सगळे दरीकडे तोंड करून लावतात. स्टानोयकाची जुनी डिझेल गाडीही तशीच उभी होती. काल संध्याकाळी तिनं लावली तशी, पुढच्या चाकाला धोंडा, धोंडा जागच्या जागी.

महिनाभर मिलुटिन या गाडीच्या मागे लागला होता. हीटर प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झाला, बॅटरी नवी घातली. दिवसा गाडी शहाण्यासारखी वागायची आणि सकाळी नुसती घुरघुरायची. शेवटी काल त्यानं डिझेलच्या पाइपात वीतभर पारदर्शक नळी बसवली. आत्ता ती रिकामी होती.

"कुठून तरी बारीक हवा घेतेय," तो म्हणाला. "नाक खाली असलं की टाकी वर राहते, डिझेल जागचं हलत नाही. नाक वर केलं की सगळं मागे टाकीत उतरतं. त्यात काय एवढं?"

"पण नाक खालीच होतं."

"थांबा, दाखवतोच."

त्यानं हातपंपानं हवा काढली, इंजिन चालू केलं आणि गाडी फिरवून चढाकडे तोंड करून लावली. तिकडे गावाची थडगी आहेत, दुसरं काही नाही. रस्ता तिथंच संपतो. त्यानं इंजिन बंद केलं. दोघांची कॉफी पिऊन होईपर्यंत नळी रिकामी झाली. त्यानं किल्ली फिरवली. घुरघुर, घुरघुर.

"बघा!" त्याला फार आनंद झाला होता.

स्टानोयकाला झाला नव्हता. तिची मुलगी लेंका आत झोपली होती, दिवस भरलेली. जावई ऑस्ट्रियात, हॉस्पिटल खाली शहरात, आणि ॲम्ब्युलन्सवाले हा चढ ऐकला की कारणं सांगायला लागतात. गेल्या आठवड्यात पहाटे खोट्या कळा आल्या, तेव्हा गाडी चालू होईना म्हणून स्टानोयका स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली होती. लेंकाचं पहिलं मूल वाटेतच गेलं होतं. दुसरंही तसंच जाईल या भीतीनं स्टानोयकाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

ती वर धुक्यात बघत राहिली.

"भावजी, यांच्या पोमानेला तुम्ही होतात ना?"

"होतो की. त्राइलोचं जेवण, चुकवेन कसा?"

माणूस गेल्यावर सहा आठवड्यांनी हे जेवण घालायचं. त्याला तिकडे जे जे लागेल ते त्याच्या नावानं टेबलावर मांडायचं आणि कुणा जिवंत माणसाच्या हाती द्यायचं. इथं दिलेलं तिथं पोचतं. स्टानोयकाच्या नवऱ्यासाठी, त्राइलोसाठी, चादर दिली होती, बूट दिले होते, रेडिओ दिला होता.

"गाडीची किल्लीपण ठेवली होती मी टेबलावर," स्टानोयका म्हणाली. "ही गाडी तुमची, असं मोठ्यानं म्हटलं."

"आणि दिली कुणाला?"

"कुणालाच नाही. पोरीला दिवस गेलेले, गाडी तर लागणारच. जेवणं झाल्यावर गुपचूप उचलली आणि खिशात टाकली."

मिलुटिन हसायला गेला, पण हसू काही नीट उमटलं नाही. तोही याच गावात वाढलेला. "म्हणजे नाव त्याचं, आणि वापरता तुम्ही," तो म्हणाला. मग एकदम आवाज चढवून, "पण वहिनी, रात्री गाडी वर थडग्यांकडे गेली तर इंजिनचा आवाज नको का यायला?"

"मला पान पडलं तरी जाग येते. आवाज येत नाही."

तेवढ्यात दार उघडलं. लेंका चौकटीला धरून उभी होती, पांढरीफटक.

"आई, पाणी गेलं गं."

मिलुटिन बॉनेटकडे धावला. "पाच मिनिटं! हवा काढतो, पाच मिनिटं!" हातपंप त्याच्या हातातून निसटत होता. दाबला की नुसताच फुसफुसत होता. मघाच्या प्रयोगात बॅटरीही अर्धी संपवून ठेवली होती. स्वतःच्या हुशारीचा त्याला त्या घटकेला मनापासून राग आला.

स्टानोयका गाडीत जाऊन बसली. दार तिनं उघडंच ठेवलं होतं. जेवताना बाजूला बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात ती बोलली.

"अहो, चुकलं माझं. तुमची म्हटली आणि ठेवून घेतली. आजचा दिवस पोरीला पोचवू द्या, मग न्या खुशाल. आता हट्ट नका करू."

मिलुटिननं पंपावरचा हात काढला होता. रिकाम्या नळीत डिझेल चढू लागलं. सावकाश, एकही बुडबुडा न येता ते वर आलं आणि नळी काठोकाठ भरली. गाडीचं नाक अजून वरच होतं.

किल्ली फिरली. पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं.

त्यानं बॉनेट लावलं, लेंकाला मागे बसवलं आणि सोबत जायचं म्हणून पुढचं दार उघडलं. स्टानोयकाशेजारची सीट रिकामी होती. तो तसाच थांबला. स्टानोयका समोर रस्त्याकडे बघत होती. मग कुणाच्या कोटाचं टोक अडकू नये अशा बेतानं त्यानं ते दार हळूच लावून घेतलं आणि मागे लेंकाशेजारी जाऊन बसला.