मुलगी द्यायची आहे

पत्त्यापर्यंत आल्यावर बोडिलची बोटं थांबली.

आज सकाळपासून तिच्या बावीस जाहिराती झाल्या होत्या. डेन्मार्कमधल्या फॉबोर्गच्या संग्रहालयाने जुन्या स्थानिक वर्तमानपत्राची पानं संगणकावर चढवली होती. जाहिरातीभोवती चौकट ओढायची आणि मजकूर टाइप करायचा, हे काम घरबसल्या हौसेने करणारे पन्नासेक जण होते. निवृत्तीनंतर बोडिल त्यांच्यात सामील झाली होती.

शिवणयंत्र, हेरिंग माशांची पिंपं, आणि मग ही, मार्च १९५९ ची : ‘धडधाकट, गोड स्वभावाची मुलगी चांगल्या घरी कायमची द्यायची आहे. चौकशी : हाव्नेगाडे १४, पहिला मजला.’

हाव्नेगाडे चौदा, पहिला मजला. बोडिल तिथेच वाढली होती. आई आणि ती, दोघीच. वडील जाहिरातीच्या आदल्याच हिवाळ्यात बोटीसकट बुडाले होते.

“म्हणजे बाबा गेले तेव्हा आईला दिवस गेले होते,” ती नवऱ्याला म्हणाली. “प्रेबेन, मला बहीण आहे.”

“अगं, आई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. आता कशाला खपली काढतेस?”

“आणि ती गेल्यावर कुणाला विचारू? तुला?”

तिने पुढचे अंक धुंडाळले. जाहिरात तीन आठवडे आली होती. चौथ्या आठवड्यात नव्हती. कुणीतरी नेलं होतं तिला. पासष्टीची बाई असेल आता. की नसेलच? बाजारात मासे घेताना शेजारी उभीही राहिली असेल.

मजकूर पक्का केला की तो कुणालाही शोधून सापडणार होता. बोडिलने तो तसाच अर्धवट ठेवला, कागदावर उतरवून घेतला आणि वृद्धाश्रमात गेली.

आई राय धान्याच्या पावाला लोणी लावत होती. बोडिलने कागद पुढे ठेवला.

“आई, मी रागावलेली नाही. खरंच. फक्त सांग, कुणाला दिलंस तिला?”

आईने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. सुरी खाली ठेवली.

“घरात कोळसा नव्हता गं,” ती म्हणाली. “ओडेन्सेहून एक जोडपं आलं होतं. भली माणसं. बाईने येताना केक आणला होता.”

“त्यांचं नाव आठवतं?”

“नाही.”

“आठव ना, आई! तिला शोधायचंय मला. त्यांनी तिचं नाव काय ठेवलं?”

लहानपणी फिरवायची तसा आईने तिच्या गालावरून हात फिरवला.

“त्यांना तान्हं बाळ हवं होतं, बोडिल. तू चार वर्षांची होतीस.”